चिठ्ठी संपली, दवाखाना बंद: मेडिकलवाल्यानं तीन दिवसांचं औषध द्यावं का? आणि पैसे विम्यानं भरावेत का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधी सांगतो, मग शिव्या घाला. बीपी, शुगर, फिट, दमा, थायरॉईड यांची रोजची औषधं ज्यांना लागतात, त्यांची चिठ्ठी संपली आणि डॉक्टर भेटत नसेल, तर फार्मासिस्टला तीन दिवसांचं औषध देण्याचा कायदेशीर हक्क पाहिजे. माणूस सरकारी विम्यातला असेल तर त्या तीन दिवसांचे पैसे विम्यानं भरले पाहिजेत.

आज कायदा काय सांगतो? १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ बघा. शेड्यूल एचमधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. चिठ्ठीवर सही, तारीख आणि किती औषध द्यायचं ते पाहिजे. एका चिठ्ठीवर औषध एकदाच, पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरनं तसं लिहिलेलं पाहिजे. नडीच्या वेळेचा यात विचारच नाही. प्रत्यक्षात ओळखीचा मेडिकलवाला देतो आणि अनोळखी हात जोडतो. म्हणजे फिटची गोळी मिळणार की नाही, हे तुमची गल्ली कुठली यावर ठरतं.

बाहेरच्या देशांत यासाठी दोन वेगवेगळ्या सोयी आहेत, त्यांची गल्लत करू नका. अमेरिकेत मेडिकेड ही गरिबांची सरकारी आरोग्य योजना. काही औषधांना तिथं विम्याची आधी परवानगी लागते. १९९० च्या कायद्यानं बंधन घातलं की अशा अर्जाला २४ तासांत उत्तर द्यायचं, आणि तातडीच्या वेळी किमान ७२ तासांचं औषध द्यायची सोय ठेवायची. तिथं चिठ्ठी हातात असते, अडलेले असतात पैसे. ब्रिटनमध्ये चिठ्ठीच नसते. फार्मासिस्टनं रुग्णाशी बोलायचं, औषध खरंच ताबडतोब लागणार आहे आणि पूर्वी डॉक्टरनं दिलेलं आहे याची खात्री करायची, नोंद ठेवायची. मग बरीचशी औषधं ३० दिवसांपर्यंत देता येतात. काही नियंत्रित औषधं ५ दिवसांचीच, आणि कडक नियंत्रणातली बहुतेक अजिबात नाहीत.

आपल्याकडं या दोन्हीतलं काहीच नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता. चिखली-आंबेवाडीतली माणसं घर सोडून निघाली तेव्हा जनावरं सोडायची की डॉक्टरची फाईल शोधायची?

कटकट्या

पूर्ण विरोध. तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही कोणत्या देशात राहता?

२०१३ मध्ये शेड्यूल एच-१ ही आणखी कडक यादी आणली, मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला ४६ औषधं होती. नियम असा की वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं ते लिहायचं, आणि ते तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्या यादीत आहे. घसा दुखतोय म्हणून तुमच्या घरातल्या कुणी ती गोळी चिठ्ठीशिवाय आणलीच नाही, असं छातीवर हात ठेवून सांगा.

जिथं मूळ नियम पाळला जात नाही तिथं त्याला सवलत कसली देता? उद्या प्रत्येक बेकायदा विक्री 'तातडीची' म्हणून लिहिली जाईल. आज निदान चुकीचं आहे ते चुकीचं तरी म्हणता येतं.

आणि हक्क देणार कुणाला? १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ म्हणतं की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा, हे चित्र काय नवीन आहे? महेश झगडे एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त होते तेव्हा 'फार्मासिस्ट हजर पाहिजे' एवढ्याच नियमावर कारवाया झाल्या, तर राज्यभर केवढा आरडाओरडा झाला आठवतोय ना? ब्रिटनचा नियम ज्या फार्मासिस्टवर उभा आहे, तो आधी काउंटरमागं उभा करा.

फाउंड्रीवाला

ओ कटकट्या, तुमचं बरोबर असंल, पण माझं ऐका जरा. मी एमआयडीसीत कामाला. पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जातो, ०.७५ टक्के. मालक ३.२५ टक्के भरतो. १८ हजारावर माझे १३५ रुपये महिन्याला जातात. कायदा म्हणतो मला आणि घरच्यांना औषधपाणी फुकट. मग सेकंड शिफ्ट सुटल्यावर बायकोची दम्याची औषधं संपलेली दिसली की मी मेडिकलमधनं रोखीनं का आणायची? दवाखाना त्या वेळी बंद. पंप तर मेडिकलवाला देतोच, चिठ्ठीचं कोण विचारतंय? पैसे विचारतो तो.

तुमचं सगळं भांडण चिठ्ठीवर चाललंय. आमचं खिशावर हाय.

पंचगंगाकाठ

फाउंड्रीवाले दादांनी नेमकं बोट ठेवलं. यात आणखी एक मेख आहे. लोक 'सरकारी विमा' म्हणताना सगळं एकत्र धरतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या योजना आहेत. पाच लाखांचं कवच ऐकायला मोठं वाटतं, पण महिन्याची बीपीची गोळी त्यात बसत नाही. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं धरलेली असतात, पुढं तुमचं तुम्ही. रोजचं औषध फुकट देण्याची जबाबदारी घेणारी कामगारांची योजना म्हणजे ईएसआय, तीही महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना. म्हणून मी म्हणतो, सुरुवात तिथून करा. नोंद आहे, विमा क्रमांक आहे, कुटुंबाची माहिती आहे. कुणाला कोणतं औषध चालू आहे हे योजनेला माहीत असतंच.

गंमत अशी की महात्मा फुले योजनेतसुद्धा तातडीच्या रुग्णासाठी रुग्णालयाला फोनवर परवानगी मिळते, कागद मागाहून. म्हणजे 'आधी उपचार, मग कागद' हे तत्त्व सरकारला पटलेलं आहे. ते फक्त मेडिकलच्या काउंटरपर्यंत आलेलं नाही.

स्ट्रिपकापू

मी फार्मासिस्ट. दुकानात स्वतः उभा असतो, कटकट्यांनी कधीही येऊन बघावं.

मला हक्क नको. म्हणजे, असा नको. कारणं सांगतो.

'तीन दिवसांचं औषध' हे फक्त कागदावर सोपं असतं. इन्सुलिनची वायल १० मिलीची, मिलीला ४० युनिट म्हटलं तर एकूण ४०० युनिट. ज्याला दिवसाला ३० लागतात त्याला ती तेरा दिवस पुरते. तीन दिवसांचं ९० युनिट मी कशात घालून देऊ? अमेरिकेत नेमकं हेच झालंय. ओहायो राज्यात फार्मासिस्टनं चिठ्ठीविना ७२ तासांचं औषध द्यायचा नियम होता, पण इन्सुलिन तेवढ्या मापात येतच नाही. २०१४ च्या सुरुवातीला तिथला एक तरुण चिठ्ठीची मुदत संपली म्हणून इन्सुलिनविना दगावला. पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि अशा औषधांना जास्त दिवसांची मुभा दिली. पंप, डोळ्यांचे थेंब, सगळ्याला हीच अडचण. स्ट्रिप कापली तर बॅच आणि एक्स्पायरी ज्या तुकड्यावर असते तो कुणाकडं जाणार? उरलेली अर्धी स्ट्रिप पुढचं गिऱ्हाईक घेत नाही, कंपनी परत घेत नाही.

दुसरं म्हणजे जुनी चिठ्ठी बघून औषध देण्यातला धोका. मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातनं एकदा घेतात, चुकून रोज घेतली तर माणूस जाऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा डोस रक्ताच्या तपासणीवर बदलत राहतो. 'आजोबा हीच गोळी घेतात' म्हणून नातू रिकामं पाकीट घेऊन येतो, आणि ती गोळी डॉक्टरनं गेल्या महिन्यात बंद केलेली असते. नाही म्हटलं तर मी माणुसकी नसलेला, दिलं आणि बिघडलं तर लायसन माझं.

तिसरं पैसे. शेड्यूल्ड, म्हणजे सरकारनं किंमत बांधलेल्या, औषधांवर मला १६ टक्के मार्जिन धरलेलं आहे. विम्याचं बिल लावून, पोर्टलवर चढवून, तीन दिवसांच्या गोळ्यांचे पंचवीस-तीस रुपये कधी येतील याची वाट बघत बसू? सरकारी बिलाचा अनुभव ज्याला आहे त्याला विचारा.

नाडीपरीक्षक

डॉक्टर म्हणून लिहितोय. धागाकर्त्यांनी स्वतःच उत्तर दिलंय आणि पुढं निघून गेले. नियम ६५ मध्येच आहे की डॉक्टरनं लिहिलं तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध देता येतं, किती वेळा आणि किती दिवसांनी तेही लिहिता येतं. स्थिर बीपीच्या रुग्णाला 'दर महिन्याला, सहा वेळा' एवढं लिहिलं की नव्वद टक्के भांडण मिटतं. नवा कायदा कशाला?

आम्ही ते लिहीत नाही, हे मान्य. काही जण दर महिन्याच्या तपासणी फीसाठी लिहीत नाहीत, काही जण रुग्ण परत येणारच नाही या भीतीनं. दुसरं कारण खोटं नाही. शुगर तीनशेच्या वर गेली तरी जुनीच गोळी घेत राहिलेले लोक मी बघतो. चिठ्ठी संपणं हा रुग्ण परत भेटण्याचा एकमेव धागा असतो कधी कधी.

मात्र स्ट्रिपकापू, एक सांगतो. काही औषधं मध्येच बंद करणं हेच जास्त धोक्याचं. फिटची गोळी अचानक थांबली तर एकामागून एक झटके येऊ शकतात. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल ही बीपी-हृदयाची औषधं एकदम बंद केली तर छातीत दुखणं उसळतं. स्टेंट टाकलेल्या माणसाचं रक्ताची गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल पहिल्या काही महिन्यांत चुकणं म्हणजे स्टेंट बंद पडायला आमंत्रण. इथं 'नाही' म्हणणं हे सुरक्षित उत्तर नाही.

भुईबावडा

शहरातल्या लोकांची चर्चा वाचतेय. मी गगनबावडा भागात आरोग्याचं काम करते. आमच्याकडं रात्री नऊला उघडं मेडिकल दाखवा, मग त्याला हक्क द्यायचा का नाही ते बोलू.

इथं उपयोगी पडतं ते उपकेंद्र. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला तिथूनच मिळाल्या पाहिजेत. पावसाळ्याआधी जशी गरोदर बायकांची यादी करतो, तशी रोजच्या गोळ्यांवाल्यांची करून जूनमध्येच दोन-तीन महिन्यांचा साठा घरात द्यावा. घाट बंद झाला की तीन दिवस काय करायचे?

कटकट्या

भुईबावडा ताईंना +१. हे मला पटतं, कारण यात कुणाला नवीन पळवाट मिळत नाही.

नाडीपरीक्षक, नव्वद टक्के कुठनं आणले? जाऊ दे. पण पुन्हा देण्याची सोय कायद्यात असताना डॉक्टर लिहीत नाहीत, आणि त्याची भरपाई म्हणून मेडिकलला डॉक्टर करायचं, हे मला मंजूर नाही.

फाउंड्रीवाला

आणि माझे पैसे?

पंचगंगाकाठ

दादा, तुमच्या पैशांवरच येतो.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागल्यावर केंद्रानं घरपोच औषध द्यायला परवानगी दिली होती. चिठ्ठी ईमेलवर चालेल, जुनाट आजाराची असेल तर ३० दिवसांच्या आतली, तात्पुरत्या आजाराची सात दिवसांच्या आतली. एच-१ आणि त्याहून कडक शेड्यूल एक्स बाहेर ठेवलं होतं. म्हणजे मनात आणलं तर सरकार अटी घालून नियम सैल करतं, आभाळ कोसळत नाही.

त्यामुळं माझी मागणी आता नेमकी लिहितो. फक्त ईएसआयपुरतं. औषध योजनेच्या नोंदीत गेल्या तीन महिन्यांत दिलेलं असलं पाहिजे, नातवाच्या हातातलं पाकीट चालणार नाही. ठरलेली छोटी यादी: फिटची औषधं, इन्सुलिन, दम्याचे पंप, हृदयाची काही. गोळ्या असतील तर एक पूर्ण स्ट्रिप, इन्सुलिन-पंप असेल तर सगळ्यात लहान पॅक, म्हणजे स्ट्रिपकापूंना कात्री लावावी लागणार नाही. मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन, अँटिबायोटिक यादीत नाहीत. सही हजर फार्मासिस्टची. आणि पैसे रुग्णाकडून घ्यायचेच नाहीत, ईएसआयनं दुकानाला ठरलेल्या मुदतीत द्यायचे, उशीर झाला तर व्याजासकट.

स्ट्रिपकापू

व्याजासकट लिहून देणार असतील तर मी नाव नोंदवतो. आणि योजनेची नोंद मला स्क्रीनवर दिसली पाहिजे. फोन करून विचारा, असलं चालणार नाही, रात्री कुणी उचलत नाही.

कटकट्या

माझा विरोध कायम. पण यादी एवढीच राहिली आणि वर्षातनं एकदा रजिस्टर तपासून आकडे जाहीर झाले तर गप्प बसेन. यादीत कुणी हळूच अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम यांसारखं सवय लागणारं झोपेचं औषध घुसवलं की पुन्हा इथं भांडायला येतो, सांगून ठेवतो.