पुदिन्याच्या काड्या पाण्यात काळ्या पडताहेत, काहून?

मनीषनगर_गच्ची: पुदिना, तुळस आणि जास्वंदीच्या काड्या नळाच्या पाण्यात, काचेच्या ग्लासात, पश्चिमेच्या खिडकीत ठेवल्यात. चौथ्या दिवशी पुदिन्याचं बूड काळं, पाण्याला वास. जास्वंद दोन आठवडे हिरवीगार, पण मुळीचा पत्ता नाही.

कुंडीवाला: मे महिन्यात पश्चिमेची खिडकी? तिथं पाणी चहासारखं तापतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि बुडाला सड लागते. ग्लास आत आणा. कूलरची खोली चालेल, झोतासमोर मात्र नको, पानं माना टाकतात. उजेड हवा, ऊन नको. पाणी सध्या रोज बदला, ग्लासही आतून घासा, बुळबुळीत थर तिथंच बसतो. बाहेरून कागद गुंडाळला की शेवाळ धरत नाही.

बाजारातली जुडी असेल तर बूड आधीच दबलेलं असतं. काळा भाग टाकून पेराच्या जरा खाली नव्या ब्लेडने कापा, बोथट कात्री देठ चेंगरते. 10-12 सेंमीची काडी, खालच्या दोन पेरांची पानं काढलेली. एकही पान पाण्यात बुडता कामा नये, सडायला सुरुवात तिथूनच होते. पुदिन्याला आठवडा-दहा दिवसांत पेरातून पांढऱ्या मुळ्या येतात.

रेती_आणि_खत: तुळशीची मंजिरी आलेली काडी घेऊ नका, तिचा सगळा जोर बियांकडे असतो. मंजिरी नसलेला कोवळा शेंडा घ्या. जास्वंदीला महिनाही लागतो. देठावर पांढरे उंचवटे दिसले तर ती बुरशी समजून फेकू नका. पण खरं सांगायचं तर जास्वंद आणि गुलाब पावसाळ्यात ओल्या रेतीत लावलेले बरे. कढीपत्त्याचा पाण्यात नाद सोडा.

मनीषनगर_गच्ची: कुंडीत कधी हलवू? अंगणातली काळी माती चालेल ना?

कुंडीवाला: मुळ्या 3-4 सेंमी झाल्या की लगेच. जास्त लांबवल्या तर गुंततात, लावताना तुटतात. नुसती काळी माती नको बाप्पा, ओली असली की चिकटते, वाळली की भेगा पडून मुळ्या तोडते. एक भाग माती, एक रेती, एक गांडूळखत. पाण्यातल्या मुळ्यांना कोरडं सोसत नाही, म्हणून पहिला आठवडा माती ओलसर आणि कुंडी सावलीत. दुपारी पानं लोंबली तरी लगेच पाणी ओतू नका, आधी बोट खुपसून माती बघा.