डाग बुरशीचा की तेल्याचा, ते आधी बघा
'डाग दिसला की बुरशीनाशक मारायचं, नाही थांबला तर औषध बदलायचं' असा सल्ला सर्रास दिला जातो, तो डाळिंबाला तरी लावू नका. सटाणा, मालेगाव, देवळा पट्ट्यात पावसाळ्यात पानावर येणारा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. तेल्या हा डाळिंबाचा रोग जिवाणूमुळे होतो, नुसत्या बुरशीनाशकाला तो दाद देत नाही, खर्च मात्र वाढतो. फवारणीआधी डागाळलेलं पान तोडून उजेडाकडे धरा. तेल्याचा डाग पाणी मुरल्यासारखा, कडेने तेलकट आणि अर्धपारदर्शक दिसतो. सर्कोस्पोरा बुरशीचा डाग काळपट, भोवती पिवळसर, पण तसा उजेड आरपार येत नाही. फळावरच्या डागात एल किंवा वाय आकाराची चीर असेल तर तो तेल्याच समजा.

गळालेली पानं बागेबाहेर काढा हा सल्ला मात्र पूर्ण मान्य, दोन्ही रोगांना तिथेच आसरा मिळतो. आणि फवारणीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) घरी करत असाल तर त्यात स्वच्छ लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर कोवळी पालवी करपते. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा, उद्यावर ठेवू नका.