फाईल अर्ध्यात लटकते: एमटीयू कमी करायचा, की आयसीएमपी मोकळं करायचं?

दापोलीकर:
जूनपासून घरून काम करतोय. फायबर आहे, लॉगिन पीपीपीओईचं, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडणी होते. चॅट चालतं, मेल येते, पण ऑफिसच्या सर्व्हरवरून मोठी फाईल उतरवायला घेतली की लटकते. दोन आठवडे मी पावसालाच दोष देत होतो. नेटवरून डेटा लहान-लहान पाकिटांतून जातो. मग पाकिटाचे तुकडे करायचे नाहीत अशी खूण लावून बाहेरच्या एका पत्त्यावर पिंग करून, म्हणजे चाचणीचं पाकीट धाडून, बघितलं. १४६४ बाइटचं पाकीट गेलं, १४७२ चं नाही. हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचे, २८ मिळवले की १४९२. इथरनेटच्या १५०० बाइटच्या मर्यादेतले ८ पीपीपीओईला गेले.

लॅपटॉपचा एमटीयू, म्हणजे सगळ्यात मोठ्या पाकिटाची मर्यादा, १४९२ केला, फाईल उतरली. तरी माझं म्हणणं, हा इलाज चुकीच्या जागी झाला. 'पाकीट मोठं आहे, लहान करून पाठवा' हा निरोप आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कच्या अडचणी कळवायच्या ठरलेल्या पद्धतीने, परत जातो, १९९० पासून तशी पद्धत ठरलेली आहे. ऑफिसच्या फायरवॉलने सगळं आयसीएमपीच बंद ठेवलंय. कोलाडला कोकण रेल्वेच्या रो-रोवर (ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीवर) ट्रक चढवण्याआधी माल किती उंच भरलाय ते बघतात आणि जास्त असेल तर तिथेच सांगतात. इथे ट्रक अडतो, पण धाडणाऱ्याला कोणी कळवतच नाही.

चिपळूणचा नेटवर्कवाला:
तत्त्व मान्य. पण समोरच्याची फायरवॉल माझ्या हातात नाही, आणि खोटे आयसीएमपी निरोप धाडून पाकिटं उगाच बारीक करायला लावता येतात हेही खरं आहे. मी गिऱ्हाइकाच्या राउटरवर एमएसएस (हेडर सोडून एका पाकिटात किती डेटा भरायचा ती मर्यादा) १४५२ ला बांधतो. दुकान त्याच दिवशी चालू होतं. तुमच्या ऑफिसच्या मंजुरीची वाट बघत त्याने किती दिवस बसायचं?

दापोलीकर:
एमएसएस फक्त टीसीपीत असतो, दादा. डेटा धाडायची दुसरी पद्धत आहे यूडीपी, तिचं काय? आणि आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीत, तर मधला राउटर तुकडे करतच नाही. तिथे हा निरोप अडवला की १२८० च्या वरच्या पाकिटाची शाश्वती गेली. खोट्या निरोपांची भीती असेल तर तपासून आत घ्या, दारच कशाला बंद करता?

मालवणहून:
दोघेही निरोपावरच अडलात. धाडणाऱ्याने स्वतः लहान-मोठी पाकिटं पाठवून वाट चाचपावी, ही पद्धत २००७ साली आली, तिला आयसीएमपी लागत नाही. लिनक्समध्ये ती आहे, फक्त मुळात बंद असते. सर्व्हर लिनक्सचा असेल तर एक सेटिंग बदलायला सांगा.

चिपळूणचा नेटवर्कवाला:
म्हणजे पुन्हा सर्व्हरवाल्याच्याच दारात. तोवर १४५२ राहू दे.

दापोलीकर:
राहू दे. पण ऑफिसला पिंगच्या आकड्यांसकट आज लिहितोय. माझ्यासारखे आणखी चारजण गावाकडून काम करतात, प्रत्येकाने आपापल्या घरी का शोधत बसायचं?