दोन्ही बाजू दोषी असतील तर निरपराध लोकांची भरपाई कोणी करायची?

अनघा_के
१९९८ ते २००० इथिओपिया आणि एरिट्रिया बादमे नावाच्या गावावरून लढले, हजारोंनी माणसं मेली. दोघांतल्या २००० सालच्या अल्जीयर्स शांतता करारानंतर हेगला क्लेम्स कमिशन, म्हणजे भरपाईचे दावे तपासणारा आयोग, बसलं, त्यांनी २००५ मध्ये सांगितलं की आधी बळाचा वापर एरिट्रियाने केला, पण नागरिकांवर अन्याय दोघांनीही केला. ऑगस्ट २००९ मध्ये शेवटचा निकाल लागला. इथिओपियाला सुमारे १७.४ कोटी डॉलर आणि एरिट्रियाला सुमारे १६.३५ कोटी. म्हणजे जवळजवळ फिट्टंफाट, आणि कुणीच कुणाला पैसे दिले नाहीत!
जून १९९८ मध्ये इथिओपियातल्या मेकेले शहराच्या आयदर शाळेवर एरिट्रियाच्या विमानांनी क्लस्टर बॉम्ब टाकले, पहिल्या हल्ल्यातल्या जखमींना उचलायला लोक धावले आणि तेवढ्यात पुन्हा बॉम्ब पडले. तिकडे इथिओपियाने पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एरिट्रियन वंशाच्या लोकांना घरातून उचलून बसमध्ये घालून सीमेवर सोडलं, घरं-दुकानं गेली, घरातली माणसं दोन देशांत विभागली गेली. सरकारांचा हिशोब फिटला म्हणून यांचा फिटतो का? भरपाई थेट माणसाच्या हातात गेली पाहिजे.

सातारकर
ताई, कळकळ समजते पण असहमत. दोन्ही देश जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी. इथिओपियाने तर १४०० कोटी डॉलर मागितले होते, कमिशननेच लिहिलंय की एवढं ओझं टाकलं तर लोकांच्या पोटावर पाय येईल. सरकार पैसे आणणार कुठून, शेतकऱ्याच्याच खिशातून ना? आधी बंदुका थांबू द्या, भरपाईचा घोळ घातला की तह लांबतो आणि तोवर आणखी माणसं मरतात.

गल्फरिटर्न
अनघाताईंशी सहमत. इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा माझे काका १९९० ला कुवेतहून सगळं सोडून अंगावरच्या कपड्यानिशी आले. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या कमिशनकडे भारत सरकारमार्फत फॉर्म भरला, साधी ठरलेली रक्कम होती, वेळ लागला पण मिळाली. तिथे कंपन्यांच्या आधी साध्या माणसांचे क्लेम घेतले. २०२२ मध्ये शेवटचा हप्ता गेला, एकूण ५२०० कोटी डॉलरच्या वर. मनात आणलं तर होतं.

रानवारा
पण ते पैसे आले कुठून ते पण सांगा की. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातले आधी ३० टक्के कापून घेत होते, आणि त्याच काळात निर्बंधांमुळे इराकमधल्या दवाखान्यांत औषधं नव्हती. सद्दामने चूक केली, भोगलं तिथल्या पोरांनी, ती निरपराध नव्हती का? आणि तिथे इराक हरला होता म्हणून वसुली झाली. बादमेत पूर्ण हरलं कुणीच नाही, मग वसूल करणार कोण?

अनघा_के
रानवारा, इराकी मुलांचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच मी दंड म्हणत नाहीये. पण सातारकर, "आधी शांतता" म्हणता ना, तर २०१८ मध्ये झालीच की. दोघांनी मिठ्या मारल्या, इथिओपियाचे पंतप्रधान अबीय अहमदना २०१९ चं शांततेचं नोबेल मिळालं, भरपाईचं नावही कुणी काढलं नाही. आणि २०२० मध्ये दोन्ही सैन्यं मिळून इथिओपियाच्याच तिग्राई प्रांतात शिरली. मेकेले तिग्राईचीच राजधानी, ज्या शहराच्या शाळेवर एकाने बॉम्ब टाकले त्याच शहरावर आता आपल्याच सरकारची विमानं आली. पीडितांना बाजूला ठेवून केलेला तह हा असा असतो. निदान नावानिशी नोंद तरी करा, युक्रेनसाठी २०२३ मध्ये हेगला नुकसानीची नोंदवही सुरू केलीये, पैसे कोण देणार ते ठरायच्या आधीच. इथे का नको?

सातारकर
नोंदीला माझा विरोध नाहीच. पण भरपाईची सक्तीची अट घातली असती तर २००० साली अल्जीयर्सला सही झाली असती असं वाटतं का तुम्हाला?

अनघा_के
अट होतीच हो! क्लेम्स कमिशन त्याच करारातून आलं आणि दोघांनी सही केली. वसुलीची सोय तेवढी कुणी केली नाही. सीमेवर शांतिसेना ठेवायला जगाकडे पैसा होता, तसाच एक छोटा फंड मध्यस्थांनी सहीच्या दिवशीच बाजूला काढून ठेवायला हवा होता, आणि हाकलून दिलेल्या माणसाला त्यातून थेट द्यायला हवं होतं.