दिवाळं निघाल्यावरची श्रद्धा

‘धंदा बुडाल्यावर देव आठवणं ही पळवाट’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. तुकोबांचंच बघा. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात व्यापाराचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. मग ते विठ्ठलाकडे वळले खरे, पण परंपरा सांगते की सावकारीची कर्जखतं भावाबरोबर वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. स्वतः कफल्लक असताना दुसऱ्यांचं कर्ज सोडलं! याला पळवाट कसं म्हणायचं?

माझाही व्यवसाय बुडालाय. प्रार्थनेनं कर्ज फिटलं नाही. वसुलीचे फोन उचलायचं बळ मात्र आलं. आता कुणी अडचणीतला माणूस फोन करतो, तेव्हा हातातलं काम ठेवून आधी तो घेतो.