‘ग्रंथालयवाल्यांना शिकायचंच नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी

तारीखशिक्का

परवा इथेच एका सदस्याने लिहिलं, ‘प्रशिक्षण ऑनलाइन फुकट पडलंय, सॉफ्टवेअर फुकट पडलंय, निधी द्यायला संस्था तयार बसल्यात. सार्वजनिक ग्रंथालयातल्या लोकांना खुर्ची सोडवत नाही, बाकी काही नाही.’ त्याखाली टाळ्यांचा पाऊस. उत्तर लिहीपर्यंत धागा बंद झाला, म्हणून हा नवा.

आधी खुर्चीचंच सांगतो. वेबजंक्शन या ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम फुकट आहेत आणि चांगले आहेत, २००३ पासून ती मंडळी हे काम करतायत. त्यातला एक मी देवघेवीच्या टेबलावर बसून केला, कारण बसायला दुसरी जागा नाही. हेडफोन घातला की समोर कुणीतरी उभं. ‘आजचा पेपर कुणाकडंय?’ काढला. पुन्हा घातला. ‘ओटीपी येत नाहीये, जरा बघता का?’ काढला. मग प्रिंट पुसट आली, मग स्कॅन उलटं आलं. अभ्यासक्रमाचा विषय होता वेळेचं नियोजन.

मी शिकत असताना टेबलावर दुसरं माणूस बसायला लागतं, आणि त्याचा पगार कुठल्याच योजनेत बसत नाही. देणाऱ्याला वस्तू हवी असते. संगणक द्या, पुस्तक चोरून नेलं की ओरडणारं आरएफआयडीचं गेट द्या, फीत कापा, फोटो काढा. अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८३ ते १९२९ या काळात अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून दिली, पण बांधकामाच्या रकमेच्या दहा टक्के दरवर्षी गावाने घालायचे, ही अट होती. म्हणजे भिंती त्यांच्या आणि माणसं तुमची. आजही तेच चाललंय, फक्त भिंतींच्या जागी यंत्रं आलीत.

बारकोडबाबा

कार्नेगींचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय हो. ती अट नसती तर निम्म्या इमारतींत कबुतरं राहिली असती. बाहेरून आलेल्या पैशावर रोजचा पगार काढायचा नसतो, कारण तो पैसा एक दिवस थांबतोच. गेट्स फाउंडेशनने १९९७ पासून ग्रंथालयांत संगणक आणि इंटरनेट दिलं, प्रशिक्षणालाही पैसे दिले, आणि २०१८ मध्ये तो कार्यक्रम आवरला. पगार त्यावर असते तर काय झालं असतं?

आणि रडगाणं तरी किती? ग्रंथालय चालवायचं ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर कुणी लिहून घेतलं? न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टने. जुनी प्रणाली वाय-टू-के, म्हणजे साल २००० लागताना तारखांचा होणारा घोळ, पार करणार नव्हती, नवी विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून एका छोट्या कंपनीकडून लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये चालू केली आणि जगाला मोफत वापरायला दिली. ते ‘आम्हाला माणूस द्या’ म्हणत बसले नाहीत.

दाखल_नोंदवही

बाबा, तुम्ही कोहा बसवून देता. आम्ही ते चालवतो. या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

आमच्याकडे ज्या मुलाने बसवलं, त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. त्याच्या आयुष्याचं भलं झालं, माझी काही तक्रार नाही. पण सर्व्हरचा पासवर्ड त्याच्यासोबत गेला. ‘बॅकअप आपोआप होतो ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं सांगून गेला होता. होतही होता, त्याच मशीनच्या त्याच हार्डडिस्कवर. डिस्क बसली, दोन्ही गेलं. मग मी आणि आमचे शिपाईकाका जुन्या दाखल नोंदवह्यांवरून पहिल्यापासून नोंदी करत बसलो. एक वाचायचा, एक टायपायचा. नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात निम्म्या ठिकाणी ‘सदर’ लिहिलेलं. सदर म्हणजे कोण, तर वरचा. वरच्याचं पान वाळवीने खाल्लेलं.

बारकोडबाबा

यात कोहाचा काय दोष? बॅकअप दुसऱ्या जागी ठेवायचा हे शाळकरी पोरालाही कळतं.

दाखल_नोंदवही

शाळकरी पोराला कळतं ते ब्रिटिश लायब्ररीलाही कळत असेल ना? ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, खंडणी दिली नाही म्हणून चोरांनी कर्मचाऱ्यांची आणि वाचकांची माहिती उघड्यावर टाकली. पुस्तकांची मुख्य तालिका पुन्हा ऑनलाइन दिसायला जानेवारी २०२४ उजाडला, बाकीच्या सेवा त्याहून मागे.

बारकोडबाबा

बघा, स्वतःच बोललात. त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, तरी झोपले. म्हणजे मुद्दा पैशाचा नाहीच!

तारीखशिक्का

त्यांनी मार्च २०२४ मध्ये स्वतःचा अहवाल काढला, तो वाचा. जुनाट प्रणालींचा पसारा हे सावरायला वेळ लागण्याचं मोठं कारण म्हणून त्यात लिहिलंय. आणि जुनं बदलायला काय लागतं ते मी सांगायला हवं का?

आणि हा धागा बॅकअपचा नव्हता.

कोपऱ्यातली_खुर्ची

मी साधा वाचक आहे, मधे बोलतो. मला तुमचं कोहाही नको आणि क्लाउडही नको. संगणकावर ‘उपलब्ध’ दिसणारं पुस्तक कपाटात असावं, एवढीच अपेक्षा आहे. तेही सापडलं तर! देवनागरीत शोधताना एक वेलांटी चुकली की ‘पुस्तक नाही’. बाई म्हणतात, इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. आता ‘ज्ञ’ इंग्रजीत कसा टाकायचा? ‘जे’ने, ‘जी’ने की ‘डी’ने? तिन्ही टाकून बघतो, वेगवेगळी पुस्तकं येतात. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा नियम भिंतीवर फ्रेम करून लावलाय, त्याच्याच खाली ताटकळतो मी.

दाखल_नोंदवही

काका, तुमची तक्रार शंभर टक्के खरी. नोंद करणाऱ्याने ज्याला जसं सुचलं तसं लिहिलं, कारण तालिकीकरण, म्हणजे पुस्तकाची नोंद ठरल्या पद्धतीने करणं, कुणी शिकवलंच नाही. बारकोड कुठे चिकटवायचा तेही नाही. आमच्याकडे तो कित्येक पुस्तकांवर लेखकाच्या नावावरच बसलाय.

पायरी_चढा

ज्याच्यावर इतकं खापर फोडताय तो ‘एक सदस्य’ मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?

मी एका ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आहे. आम्ही कर्मचाऱ्यांना कार्यशाळेला पाठवलं, जाण्यायेण्याचा खर्च दिला, जेवण दिलं. परत आल्यावर विचारलं, काय शिकलात? ‘छान होतं.’ पुढे? ‘प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळेल का?’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. उगाच लिहीत नाही मी.

तारीखशिक्का

कार्यशाळेत काय शिकवलं ते तुम्हाला तरी माहीत होतं का? की ‘दोघांना पाठवा’ असं पत्र आलं आणि जे मोकळे दिसले त्यांना पाठवलं? आल्यावर शिकलेलं वापरायला संगणक दिला, की तो अजून अध्यक्षांच्या खोलीत शोभेला आहे?

पायरी_चढा

वैयक्तिक होऊ नका. संगणक हिशेबासाठी लागतो.

दाखल_नोंदवही

हसू आलं, माफ करा.

बारकोडबाबा

इथे मात्र मला नाइलाजाने तारीखशिक्क्यांच्या बाजूने बोलावं लागतंय, आनंदाने नव्हे. मी जिथे जिथे शिकवायला जातो तिथे समोर बसलेल्या माणसाकडे लॉगिनच नसतं. ते समितीकडे. इफ्ला ही ग्रंथालयांची जागतिक संघटना आणि युनेस्को यांच्या सार्वजनिक ग्रंथालयांबद्दलच्या जाहीरनाम्यात १९९४ पासून लिहिलंय की ग्रंथपालाचं सततचं शिक्षण अनिवार्य आहे. जाहीरनामा सगळ्यांना मान्य, पासवर्ड कुणी देत नाही.

पायरी_चढा

बरं बाबांनो, तुम्ही सगळे ज्ञानी, मी अडाणी. पैसा मागायचा तर प्रस्ताव नीट लिहा की. ‘कर्मचारी प्रशिक्षणाला जातील तितके दिवस बदली माणूस’ असं वेगळं शीर्षक घाला आणि मागा. मागितलं कुणी आजवर? आमच्याकडे तरी असा कागद आलेला नाही.

तारीखशिक्का

मागितलं होतं, याच शब्दांत. कागद परत आला. त्या ओळीवर लाल काट आणि शेजारी पेन्सिलीने ‘येथे यूपीएस दाखवावा’.

बारकोडबाबा

मग आला का यूपीएस?

तारीखशिक्का

आला. बॅटरी वेगळ्या प्रस्तावात मागा म्हणाले.