स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप (नेमाची दुर्बीण) मागे सरकतोय, क्लिक संपले. विक्रेता म्हणतो "बसवलेला माल परत नाही"

माणदेशी_नेम
रायफल .१७७, नळी मोडून भरायची, स्प्रिंगची. स्कोप ३-९×४० (३ ते ९ पट, पुढची काच ४० मिमी), ऑनलाइन घेतलेला, सोबत रायफलीच्या ११ मिमी खाचेत स्कोप धरणाऱ्या दोन सुट्या रिंगा, म्हणजे माउंट. विक्रीच्या पानावर "स्प्रिंग एअरगनसाठी योग्य" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. १० मीटरवर नेम वर-खाली करणारा, क्लिक-क्लिक फिरणारा वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवूनही छर्रे ४० मिमी खाली बसतात. वीसेक छर्ऱ्यांत मागची रिंग ३ मिमी मागे गेली. आता क्रॉसहेअरही (आतली नेमाची फुली) थोडा तिरका दिसतो. परत करायला गेलो तर उत्तर आलं, "माउंटवर चढवला म्हणजे वापरला, परत घेणार नाही." चूक माझ्या बसवण्याची की माल खराब? आणि पैसे मागता येतात का?

दस्ता_आणि_घोडा
तुमच्याकडे तीन वेगळ्या भानगडी आहेत, त्या एकत्र करू नका.

सरकणं हे बसवण्याचं. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे झटका बसतो. रायफल पुढे जाते, स्कोप जडपणामुळे जागेवर राहू पाहतो, म्हणून माउंट मागे घसरतं. बारुदाच्या बंदुकीसाठी केलेले चांगले स्कोपही याच उलट्या झटक्याने आतून ढिले होतात. रिसीव्हरवर (नळीमागचं धातूचं अंग) मागच्या बाजूला भोक असेल तर स्टॉप पिन असलेलं एकसंध माउंट घ्या आणि पिन त्या भोकात उतरवा. नुसते स्क्रू आवळून हा झटका थांबत नाही. कारखान्यातून आलेलं तेल खाचेत असतंच, ते आयसोप्रोपिलने पुसा. मग खालचे क्लॅम्प स्क्रू आवळा, हवं तर निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब. वरच्या रिंगांना मात्र जेमतेम २ न्यूटन-मीटर: एलन कीचं लांब टोक स्क्रूत आणि आखूड टोकावर दोन बोटं, बस्स. कोपऱ्याकोपऱ्याने तिरके आवळत जा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जास्त आवळलं की नळकांडं चेपतं आणि आतला भाग अडकतो. दस्त्याचे स्क्रूही बघून घ्या, तेही याच हादऱ्याने सुटतात.

फीलरगेज
छर्रे खाली जाण्याबद्दल. ४० मिमीवरून शिमचा (स्कोपखाली घालायच्या पातळ पट्टीचा) हिशेब करू नका, कारण तो आकडा नॉब टोकाला असतानाचा आहे. टोकाला आतली स्प्रिंग जवळपास सैल पडते, त्यामुळे क्रॉसहेअर प्रत्येक फैरीला भरकटतो. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत न्या, निम्म्यावर आणा, आणि तिथून मोजा.

स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा ४५ मिमी वर असेल, तर दोन्ही अगदी समांतर असूनही १० मीटरवर छर्रा तेवढा खाली बसणारच. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७ मिमी, म्हणजे १० मीटरवर फक्त ०.७ मिमी. नुसत्या उंचीपोटीच साठ-पासष्ट क्लिक जातात! त्यात मोडणाऱ्या नळ्या बऱ्याचदा थोड्या खाली झुकलेल्या असतात.

उपाय म्हणजे मागच्या रिंगेत, स्कोपखाली शिम. जाडी = रिंगांमधलं अंतर × चूक ÷ पल्ला. रिंगा १०० मिमी अंतरावर आणि ३० मिमी उचलायचं असेल तर १०० × ३० ÷ १०,००० = ०.३ मिमी. अर्ध्या मिलिमीटरच्या वर जायला लागलं तर शिम सोडा, रिंगेत नळकांडं वाकतं. झुकलेल्या नळीसाठी मागची बाजू उंच असलेली माउंट मिळतात, ती घ्या.

ग्राहकपंचायत_वाचक
आता पैशांचं. आपल्याकडे "आवडलं नाही, परत घ्या" असा सरसकट कायदेशीर हक्क नाही. पण माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. "बसवलात म्हणजे संपलं" हे इथे चालत नाही. स्कोप बसवल्याशिवाय तपासणार कसा? तुमची खरी ताकद "स्प्रिंग एअरगनसाठी योग्य" या ओळीत आहे. तिचा स्क्रीनशॉट आजच काढा, अशी पानं गुपचूप बदलतात.

आधी त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. नाही झालं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. फोनवरची बोलणी मात्र उपयोगाची नाहीत, सगळं लेखी.

एकच धोका: रिंगांचे चेपल्याचे वळ. विक्रेता त्यांचाच फोटो पुढे करेल. आणि स्कोप स्वतः उघडू नका.

फीलरगेज
दोष सिद्ध करायला गोळीबाराची गरज नाही. स्कोप रायफलवरून काढा, पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन व्ही खाचा पाडून त्यात ठेवा, १० मीटरवर आलेखाचा कागद लावा. नॉब मध्यावर. वर २० क्लिक: क्रॉसहेअर १४ मिमी सरळ उभा सरकायला हवा, परत २० आणले की मूळ रेघेवर. सलग व्हिडिओ घ्या. नॉब फिरवताना खोकं हललं तर चाचणी पुन्हा.

माणदेशी_नेम
केलं. २० क्लिकला ५-६ मिमी, तेही तिरकं, आणि परत आणला तर जागेवर येत नाही. नळकांड्यावर वळ नाहीत.

ग्राहकपंचायत_वाचक
मग हाच व्हिडिओ, बिल आणि स्क्रीनशॉट जोडून ईमेल टाका. मागणी एकाच वाक्यात लिहा: पूर्ण परतावा, परतीचा कुरिअर खर्च त्यांचा.

दस्ता_आणि_घोडा
नवा घेताना पॅरलॅक्स (कोणत्या पल्ल्याला चित्र आणि फुली नीट जुळतात ते) १० यार्डांपर्यंत जुळवता येतो का ते बघा. १०० यार्डांवर कायम केलेला असेल तर १० मीटरवर ९ पटीत चित्र धूसरच दिसणार. आणि १० मीटरच्या स्पर्धेचा विचार असेल तर स्कोपवर पैसे घालूच नका, तिथे दुर्बीण चालत नाही, पीप साईट (बारीक भोकातून बघायचा नेम) लागते.